जायबंदी गडी आणि संघाचे यश

आपल्या हैदराबाद शहराला एके काळी फुटबॉलचे केवढे वेड होते, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर ते सहसा खरे वाटत नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषक स्पर्धेत १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे विजयी झालेला संघ हैदराबाद सिटी पोलिसांचा होता; आणि त्या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर होते. आपल्या मराठी वस्तीच्या काचीगुड्यातील माध्यमिक शाळेत त्यांनी मुलांना शिकविलेले आहे. पुढे हेच रहीमसाहेब भारतीय संघाचे शिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीस व १९६२ साली जाकार्तास आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. मधल्या १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला, तोही त्यांच्याच शिकवणीने.

रहीमसाहेबांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ साली येऊन गेला आणि तेव्हापासून आमच्या मुलांच्या तोंडी जर्नेलसिंगचे नाव फिरू लागले. डोक्याला टाके पडलेले असताना पट्टी बांधून मैदानात उतरलेला आणि अंतिम सामन्यात गोल करणारा तो धिप्पाड शीख खेळाडू कोणाला आवडणार नाही? आम्हांसही तो आवडतो. परंतु या कथेतून मुलांनी जो बोध घेतला तो मात्र आम्हांस खटकतो. लागले तरी खेळत राहावे, जो बाहेर येतो तो भित्रा, आणि जखमी वीर मैदानात उभा असला की संघ जिंकतो, अशी काहीशी समजूत त्यांनी करून घेतली आहे. ती चुकीची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मत पुस्तके वाचून नव्हे, तर आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे पक्के झाले आहे. ती चूक आधी सांगितलेली बरी.

गेल्या वर्षीच्या एका शालेय सामन्याची ही हकीकत. पहिल्या डावाची दहा-बारा मिनिटे झाली असतील-नसतील, तोच आमच्या आघाडीचा मुख्य मुलगा, म्हणजे सेंटर-फॉरवर्ड, घोटा मुरगळून खाली बसला. त्याला रेघेबाहेर आणले, पाणी मारले, पट्टी आवळली. त्याचे तोंड पांढरे पडले होते, पण “खेळशील ना रे?” या प्रश्नाला अकरा जणांसमोर आणि शंभर प्रेक्षकांसमोर कोणता मुलगा नाही म्हणेल? तो “हो” म्हणाला आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्याच वेळी रेघेशी एक राखीव मुलगा बुटांच्या नाड्या घट्ट बांधून उभा होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. आम्हीही नाही. सामना संपला तेव्हा आम्ही दोन गोलांनी हरलो होतो. घोटा मुरगळलेला मुलगा पुढे अडीच महिने धड चालू शकला नाही, आणि तो राखीव मुलगा यंदाच्या सरावाला आलाच नाही.

आम्ही हरलो ते दैव फिरले म्हणून, असे त्या दिवशी सर्वजण म्हणत होते. घरी आल्यावर शांतपणे विचार करता ध्यानात आले की, दैवाचा यात काही संबंध नव्हता. आघाडीची फळी म्हणजे चार-पाच सुट्या मुलांची बेरीज नव्हे. आमचा सेंटर-फॉरवर्ड लंगडू लागताच, ज्या प्रतिपक्षीयाकडे त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम होते तो मोकळा झाला. मोकळा होऊन तो कोठे गेला? आमच्या उजव्या विंगरकडे. म्हणजे पाय एकाचा दुखावला आणि कोंडी दुसऱ्याची झाली. विंगरला चेंडू खेळविता येईना, म्हणून आमचे हाफ चेंडू घेऊन पुढे धावू लागले; त्यांच्या पाठीमागे जागा रिकामी पडली, आणि दोन्ही गोल त्याच रिकाम्या जागेतून झाले. लोकांनी दोष मात्र बॅकच्या मुलाला दिला! आमच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलांना हे चटकन कळेल. कोपऱ्याचा गडी गेला की साखळी तेथे तुटते हे दिसतेच. पण चढाई करणारा निसटतो तो पुष्कळदा मधल्यांच्या हातून, कारण त्यांचे अर्धे लक्ष त्या उघड्या कोपऱ्याकडे असते.

या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या खेळात नसून परक्या खेळात आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदीच निराळा. त्यात चेंडू हातांनी फेकतात, छातीशी धरून पळतात आणि एकमेकांना अंगाने आडवे पाडतात. चढाई करणाऱ्या बाजूच्या तोंडाशी पाच आडदांड गडी एक रांग धरून उभे असतात. हे पाच जण सहसा चेंडू घेऊन पळत नाहीत, गुण मिळवीत नाहीत आणि वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे क्वचितच येतात. त्यांचे काम एकच. पाठीमागे उभ्या असलेल्या चेंडूफेक्याला, ज्याला ते क्वार्टरबॅक म्हणतात, दोन-तीन क्षणांची उसंत मिळवून देणे. या पाचांपैकी एक जायबंदी झाला आणि त्याच्या जागी कच्चा गडी आला, तर हजारो लोकांना दिसते ते इतकेच की, नामांकित क्वार्टरबॅकचा नेम चुकू लागला. त्याला चेंडू फेकावयास वेळच मिळत नाही हे रांगेकडे पाहणाऱ्यालाच दिसते. दुखापत एका जागी आणि तिचा परिणाम दुसऱ्या जागी, असा हा प्रकार आहे.

आता पुन्हा जाकार्ताकडे वळू. १९६२ च्या त्या स्पर्धेत भारताची सुरुवातच पराभवाने झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० असे हरविले. दुसऱ्या सामन्यात थायलंडवर ४–१ असा विजय मिळाला, पण त्यातच जर्नेलसिंगचे डोके फुटले व टाके घालावे लागले. जर्नेलसिंग हा काही आघाडीचा खेळाडू नव्हे. तो पिछाडीचा आधारस्तंभ, म्हणजे स्टॉपर; उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतविणे हे त्याचे नित्याचे काम. डोके फुटलेल्या माणसाला ते काम कसे सांगावे? त्याच्यावाचून जपानशी सामना झाला आणि भारताने तो २–० असा जिंकला. ही गोष्ट कथा सांगणारे बहुधा गाळतात. आपला सर्वांत भक्कम बॅक बाहेर बसलेला असताना संघाने एकही गोल होऊ दिला नाही!

उपान्त्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगला संघात घेतले, पण त्याच्या नेहमीच्या जागी नव्हे. त्याला त्यांनी थेट सेंटर-फॉरवर्ड केले. भारताने तो सामना ३–२ असा जिंकला. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे व एक जर्नेलसिंगचा. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी झाला. त्या दिवशी प्रेक्षकांचा समुदाय लाखाच्या घरातला आणि जवळजवळ सगळाच आपल्या विरुद्ध होता, कारण इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताच्या एका क्रीडाधिकाऱ्याने हरकत घेतली होती आणि यजमान देशात त्यावरून संताप उसळला होता. गोलरक्षक थंगराज फ्लूच्या तापातून नुकताच उठलेला, बॅक त्रिलोकसिंगच्या पायाला दुखापत, आणि जर्नेलसिंगच्या डोक्यावर टाके. असा हा संघ पहिल्या वीस मिनिटांतच २–० ने पुढे गेला. एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, परंतु २–१ असे सुवर्णपदक आपल्याकडे आले. त्या अकरांमध्ये तुलसीदास बलराम आणि युसूफ खान हे आपल्याच हैदराबाद-सिकंदराबादचे दोघे होते, हेही येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे.

या सगळ्या हकीकतीत मुले जर्नेलसिंगकडे पाहतात. आम्ही अलीकडे अरुण घोषकडे पाहतो. जर्नेलसिंग पुढे गेल्यावर त्याच्या मोकळ्या जागी स्टॉपर म्हणून कोणी तरी उभे राहावयास हवे होते. तेथे अरुण घोष उभा राहिला. तो तेथे टिकला नसता तर आघाडीच्या दोन गोलांना काय किंमत उरली असती? एका जागेची दुखापत दुसऱ्या जागेवर जाऊन उमटते, हे रहीमसाहेबांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक गडी बदलला नाही, अख्खी मांडणी बदलली. आणि अशी मांडणी बदलता येते ती आदल्या रात्री सुचते म्हणून नव्हे. एकापेक्षा अधिक जागी खेळू शकतील असे गडी शिक्षकाने वर्षानुवर्षे तयार केलेले असतात, तेव्हाच ती बदलता येते. रहीमसाहेबांना त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, त्यांचे निधन झाले.

त्याच १९६२ साली, जाकार्ताच्या आधी काही आठवडे, चिली देशात विश्वचषक स्पर्धा झाली होती. ब्राझीलचा पेले तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा आणि जगातला पहिल्या प्रतीचा खेळाडू होता. दुसऱ्याच सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याचा स्नायू दुखावला. त्या काळी विश्वचषकात सामना सुरू झाल्यावर बदली गडी उतरविण्याची सोयच नव्हती. ती १९७० साली आली. त्यामुळे पेले उरलेला वेळ मैदानात नुसता लंगडत राहिला व सामना गोलावाचून बरोबरीत सुटला. पुढे त्याच्या जागी अमारिल्डो नावाचा तरुण आला. स्पेनविरुद्ध ब्राझीलचे दोन्ही गोल त्यानेच केले, अंतिम सामन्यातही एक केला, आणि ब्राझीलने चषक राखला. गारिंचासारखा अलौकिक विंगर त्या संघात होता हे खरे. शिवाय बाकीचे बहुतेक गडी १९५८ च्या विजयी संघातलेच, एकमेकांच्या सवयी जाणणारे होते. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये मात्र उलट झाले. पेलेला पहिल्याच सामन्यात बल्गेरियाच्या गड्यांनी तुडविले. तो हंगेरीविरुद्ध खेळू शकला नाही व ब्राझील ३–१ असे हरले. मग त्याला पुरता बरा होण्याआधीच पोर्तुगालविरुद्ध उतरविले, तेथे पुन्हा त्याच्या पायांवर घाव बसले आणि ब्राझील पुन्हा ३–१ असे हरून घरी गेले. खेळाडू तोच, दुखापतही तशीच. पण एकदा घडी बसलेला संघ होता आणि बदली गड्यावर विश्वास होता. दुसऱ्यांदा घडी विसकटलेली होती आणि सारी भिस्त एका अर्धवट बऱ्या झालेल्या पायावर होती.

एक-दोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये, असा आक्षेप आमचे विज्ञानशिक्षक घेतील. त्यांच्यासाठी एक मोठे संशोधन आहे. युरोपातील नऊ देशांच्या २४ व्यावसायिक संघांचा तब्बल ११ हंगाम अभ्यास करून काही स्वीडिश वैद्यक संशोधकांनी २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, ज्या हंगामात दुखापतींमुळे वाया गेलेले दिवस कमी असतात, त्या हंगामात त्याच संघाचे स्थान वर जाते. हे संघ अतिशय श्रीमंत, त्यांच्याजवळ पंचवीस-पंचवीस नामांकित खेळाडू. त्यांनाही दुखापत बाधते, तर पंधरा मुलांच्या शाळेला बाधणार नाही काय?

येथे कोणी म्हणेल की, मग मुलांना कापसात गुंडाळून ठेवावे की काय? नाही. खरचटले, ढोपर फुटले, पिंढरीत गोळा आला, तर थोडे सोसून खेळावे. तेवढा कणखरपणा मैदानाने शिकवावाच. परंतु सोसण्याजोगे दुखणे आणि न सोसण्याजोगी दुखापत यांतला फरक चौदा वर्षांच्या मुलाने सामन्याच्या भरात ठरवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तो निर्णय मोठ्यांचा आहे. आणि डोक्याच्या बाबतीत तर सोसण्याचा प्रश्नच नाही. त्या अमेरिकी खेळातील पाच जणांच्या रांगेत अगदी मध्यभागी उभा राहणारा माइक वेबस्टर हा पिट्सबर्गच्या संघाचा मोठा नावाजलेला गडी होता. चार वेळा त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. वर्षानुवर्षे त्याने डोक्यावर धक्के झेलले. खेळ सुटल्यावर त्याची स्मरणशक्ती व विचारशक्ती ढासळत गेली आणि २००२ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो वारला. बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा वारंवारच्या आघातांनी मेंदूला जडणारा विकार त्यात आढळला. त्या खेळाच्या व्यावसायिक गड्यांमध्ये हा विकार सिद्ध झाल्याचे ते पहिले उदाहरण. रांगेतला हा माणूस जायबंदी होता, पण त्याची जखम कोणालाच, त्याला स्वतःलासुद्धा, दिसत नव्हती.

म्हणून जर्नेलसिंगची पट्टी आज आम्ही भिंतीवर चित्र म्हणून लावू, आज्ञा म्हणून नव्हे. १९६२ साली जे कोणाला माहीत नव्हते ते आज माहीत आहे. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, असे वैद्यांचे एकमत आहे. अशा खेळाडूसाठी नेहमीच्या बदलीखेरीज जादा बदली गडी देण्याची मुभा २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांतच आली आहे. रहीमसाहेबांना जी सोय नव्हती ती आपल्याला आहे. ती न वापरता आपण शौर्याच्या गोष्टी सांगत बसलो तर त्याला काय म्हणावे?

दुखापती मुळात टाळता येतात हेही पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्याकडे सरावाचा आरंभ म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि लगेच गोलावर फटके! नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या सव्वाशे संघांवर एक प्रयोग झाला व त्याची हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातील काही संघांना रोजच्या खेळापूर्वी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम दिला. त्यात संथ धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उडी मारून गुडघे योग्य रीतीने वाकवून उतरणे, असे साधे प्रकार होते. त्या मुलींत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या व गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. याला ना उपकरणे लागतात, ना पैसा. वीस मिनिटे आणि थोडा नेटकेपणा एवढेच लागते. नेटकेपणाचीच आमच्याकडे वानवा आहे, हा भाग वेगळा.

पालकांनाही एक विनंती आहे. सामना पाहावयास आपण आवर्जून येता याचा आम्हांस आनंद वाटतो. पण मुलगा खाली बसला की, “ऊठ रे, काही झालं नाही!” अशी आरोळी रेघेपलीकडून प्रथम येते ती पुष्कळदा वडील मंडळींचीच. गेल्या वर्षी त्या आरोळीत आमचाही आवाज होता, तेव्हा कोणास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

यंदा संघाच्या सरावात एक बदल करावा असे आम्ही क्रीडाशिक्षकांना सुचविले आहे व त्यांनी ते मान्य केले आहे. आठवड्यातून एक दिवस मुख्य अकरांपैकी तिघांनी रेघेबाहेर बसावयाचे आणि राखीव मुलांनी त्यांच्या जागी पूर्ण डाव खेळावयाचा. शिवाय प्रत्येक बॅकने महिन्यातून एकदा आघाडीला व प्रत्येक फॉरवर्डने एकदा पिछाडीला खेळून पाहावयाचे. पहिल्या दिवशी फारच गोंधळ झाला. आमचा गोल करण्यात पटाईत असलेला मुलगा बॅक म्हणून उभा राहिला, तर दहा मिनिटांत त्याच्या बाजूने तीन गोल झाले आणि तो रडकुंडीस आला. दुसऱ्या आठवड्यात दोनच झाले.

बुटांच्या नाड्या बांधून उभ्या राहिलेल्या त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो होतो. तो आता दहावीत आहे. प्रथम काही बोलेना. मग म्हणाला, बूट लहान झाले आहेत. त्याची आई म्हणाली, परीक्षा आहे. बुटांचे आम्ही पाहतो म्हणालो. परीक्षेचे त्याने पाहावयाचे आहे. येत्या शनिवारी साडेसहाला तो मैदानावर येतो म्हणाला आहे.